समुद्रसपाटीच्या दाबावरून रोजचे हवामान प्रकार कसे ठरवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हवामान प्रकार' म्हणजे नेमकं काय?

एखाद्या प्रदेशावरून त्या दिवशी वारा कुठून कुठे वाहत होता, आणि तो सरळ वाहत होता की गोल फिरत होता, याचं दोन-तीन शब्दांतलं उत्तर म्हणजे त्या दिवसाचा प्रकार. 'पश्चिमी', 'आवर्त', 'प्रत्यावर्त-आग्नेय' अशी ही नावं असतात. आवर्त म्हणजे कमी दाबाभोवती गोल फिरणारा वारा, प्रत्यावर्त म्हणजे जास्त दाबाभोवती उलटा फिरणारा. पाऊस पडला का, थंडी होती का, याचा त्यात उल्लेख नसतो. हे सुरुवातीलाच पक्कं केलेलं बरं, कारण पुढचे निम्मे गोंधळ इथूनच होतात. प्रकार ठरतो तो वाऱ्याच्या प्रवाहाचा. पाऊस, धुकं, उकाडा हे त्या प्रवाहाचे परिणाम, आणि ते वेगळे मोजायचे.

नुसत्या दाबावरून वारा कसा कळतो?

मध्य अक्षांशांत, जमिनीच्या घर्षणाच्या थोडं वर, वारा समदाब रेषांना (नकाशावर सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांना) जवळजवळ समांतर वाहतो. दाबातल्या फरकाची ओढ आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे येणारं कोरिऑलिस बल एकमेकांना तोलून धरतात, म्हणून तो थेट कमी दाबाकडे धावत नाही. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो, हा बाइज बॅलट यांचा १८५७चा नियम शाळेत बहुतेकांनी वाचलेला असतो. रेषा जितक्या दाट, तितका वारा जोराचा. त्यामुळे दाबाचा नकाशा हाती असला की वाऱ्याची दिशा आणि जोर दोन्ही हिशेबाने काढता येतात.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. दाबाच्या नोंदी जुन्या आहेत, बऱ्याच सलग आहेत, आणि एका ठिकाणचा दाब आजूबाजूच्या शेकडो किलोमीटरची कल्पना देतो. पाऊस दोन किलोमीटरवर बदलतो.

दाब समुद्रसपाटीवर का आणायचा?

समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. ८० मीटर उंचीवरच्या केंद्राचा कच्चा दाब तसाच वापरला, तर नकाशावर १० हेक्टोपास्कलचा खोटा खड्डा दिसेल. म्हणून सगळे आकडे एका पातळीवर आणतात. उंच पठारांवर मात्र ही दुरुस्ती जवळपास काल्पनिक ठरते, कारण जिथे खडक आहे तिथे हवा असती तर तिचं तापमान काय असतं, हे गृहीत धरावं लागतं. अशा भागात ही पद्धत वापरूच नये असं माझं मत आहे. तिथे वरच्या थरातली दाबपृष्ठाची उंची वापरलेली बरी.

पद्धत आली कुठून?

ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ ह्युबर्ट लॅम्ब यांनी ब्रिटिश बेटांवरच्या प्रत्येक दिवसाचा नकाशा डोळ्यांनी पाहून त्याला प्रकार दिला. १८६१ ते १९७१ या काळाची त्यांची नोंदवही १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नंतर ती फेब्रुवारी १९९७ पर्यंत चालू राहिली. त्यांचे मूळ प्रकार सात: प्रत्यावर्त, आवर्त, पश्चिमी, वायव्य, उत्तरी, पूर्वी आणि दक्षिणी. बाकीचे या सातांच्या मिश्रणातून आले.

१९७७ मध्ये जेन्किन्सन आणि कॉलिसन यांनी हेच काम सूत्रांत बसवलं. १६ ठिकाणचा दाब घ्या, सहा आकडे काढा, पाच नियम लावा, प्रकार तयार. आज 'लॅम्ब प्रकार' म्हणून जे संगणकाने काढलेले तक्ते मिळतात, ते बहुतेक या पद्धतीचे असतात. पुढचे प्रश्न मुख्यतः तिच्याबद्दलच आहेत.

ते १६ बिंदू कोणते?

मूळ पद्धतीत केंद्र ५५° उत्तर, ५° पश्चिम. बिंदू अक्षांशात ५° आणि रेखांशात १०° अंतरावर, वरून खाली पाच ओळींत:

६५° उत्तर: बिंदू १ (१०° पश्चिम), २ (०°)
६०° उत्तर: बिंदू ३ (२०° पश्चिम), ४ (१०° पश्चिम), ५ (०°), ६ (१०° पूर्व)
५५° उत्तर: बिंदू ७, ८, ९, १० (तेच रेखांश)
५०° उत्तर: बिंदू ११, १२, १३, १४ (तेच रेखांश)
४५° उत्तर: बिंदू १५ (१०° पश्चिम), १६ (०°)

क्रमांकात घोळ झाला तर सूत्र तक्रार करत नाही, फक्त चुकीचं उत्तर देतं. कोड लिहिण्याआधी हे बिंदू कागदावर काढून घ्या.

सूत्रं सांगा.

खाली 'बि४' म्हणजे बिंदू ४ वरचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये.

पश्चिमी प्रवाह: प = (बि१२ + बि१३)/२ − (बि४ + बि५)/२

दक्षिणी प्रवाह: द = १.७४ × [(बि५ + २×बि९ + बि१३)/४ − (बि४ + २×बि८ + बि१२)/४]

एकूण जोर: ज = (प×प + द×द) याचं वर्गमूळ

पश्चिमी प्रवाहातली भ्रमिलता: भप = १.०७ × [(बि१५ + बि१६)/२ − (बि८ + बि९)/२] − ०.९५ × [(बि८ + बि९)/२ − (बि१ + बि२)/२]

दक्षिणी प्रवाहातली भ्रमिलता: भद = १.५२ × [(बि६ + २×बि१० + बि१४)/४ − (बि५ + २×बि९ + बि१३)/४ − (बि४ + २×बि८ + बि१२)/४ + (बि३ + २×बि७ + बि११)/४]

एकूण भ्रमिलता: भ = भप + भद

भ्रमिलता म्हणजे हवेचा गोल फिरण्याचा कल. धन आली तर आवर्ताकडे, ऋण आली तर प्रत्यावर्ताकडे. प, द आणि ज यांचं एकक: ५५° अक्षांशावर दर १०° अक्षांशामागे हेक्टोपास्कल. भ्रमिलतेचं तेच, पण पुन्हा दर १०° अक्षांशामागे. प्रवाहाच्या एककातला १ म्हणजे भूवर्ती वाऱ्याचे (दाबातल्या फरकावरून हिशेबाने काढलेल्या वाऱ्याचे) सुमारे १.२ नॉट.

१.७४, १.०७ हे आकडे कुठून आले?

ते निव्वळ भूमितीचे आहेत. ५५° वर रेखांशाचे १०° अक्षांशाच्या १०° पेक्षा आखूड पडतात, म्हणून १ भागिले कोज्या (cos) ५५° = १.७४. भ्रमिलतेच्या सूत्रात केंद्राच्या खालच्या आणि वरच्या पट्ट्यांत कोरिऑलिस बल वेगळं असतं, म्हणून ज्या (sin) ५५° ÷ ज्या ५०° = १.०७ आणि ज्या ५५° ÷ ज्या ६०° = ०.९५. शेवटचा १.५२ म्हणजे १ भागिले (२ × कोज्या ५५° चा वर्ग).

मग प्रकार कसा ठरतो?

सगळ्यात आधी हे पाहा: ज आणि भ (चिन्ह सोडून) दोन्ही ६ पेक्षा कमी आहेत का? असतील तर दिवस अवर्गीकृत. ही तपासणी शेवटी ठेवली तर ज २ आणि भ ५ असलेला मरगळलेला दिवस 'शुद्ध आवर्त' म्हणून नोंदला जातो.

त्यानंतर, भ चा आकार ज पेक्षा कमी असेल तर प्रवाह सरळ आहे, आठ दिशांपैकी एक द्या. भ हा ज च्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर शुद्ध आवर्त किंवा शुद्ध प्रत्यावर्त, दिशा देऊ नका. दोन्हींच्या मध्ये असेल तर मिश्र, म्हणजे 'आवर्त-नैर्ऋत्य' वगैरे. आठ दिशा, दोन शुद्ध, सोळा मिश्र आणि एक अवर्गीकृत मिळून २७ प्रकार होतात.

एक दिवस प्रत्यक्ष करून दाखवाल का?

समजा बिंदू १ ते १६ वर दाब क्रमाने असा आहे: ९९२, ९९६, ९९०, ९९४, १०००, १००६, ९९८, १००३, १००८, १०१२, १००८, १०१२, १०१६, १०१९, १०२०, १०२२. कमी दाब वायव्येला, जास्त दाब दक्षिणेला.

प = १०१४ − ९९७ = १७. द = १.७४ × (१००८ − १००३) = ८.७. ज = १९.१. भप = १.०७ × १५.५ − ०.९५ × ११.५ = ५.७. भद = १.५२ × (−०.२५) = −०.४. भ = ५.३.

५.३ हे १९.१ पेक्षा बरंच कमी, म्हणजे प्रवाह सरळ. वारा २४३° कडून (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून; हा कोन कसा काढायचा ते पुढच्या प्रश्नात), म्हणून प्रकार 'नैर्ऋत्य'.

आता थोडं थांबा. नैर्ऋत्येचा पट्टा २०२.५° ते २४७.५° आहे आणि आपला दिवस त्याच्या काठापासून पाच अंशही दूर नाही. द तोच ठेवून प १७ ऐवजी २१ च्या जरा वर गेला असता तर हाच दिवस 'पश्चिमी' ठरला असता. निसर्गात तिथे कुठलीही भिंत नाही. ती आपण सोयीसाठी घातली आहे. म्हणूनच तक्त्यात नुसतं नाव साठवू नका. प, द, ज, भ हे चारही आकडे शेजारी ठेवा. जागा नगण्य लागते आणि नंतर पट्ट्या बदलायच्या ठरवल्या तर सगळं पुन्हा चालवावं लागत नाही.

माझ्या निकालात वायव्येचे दिवस जवळजवळ नाहीत आणि आग्नेयेचे भरमसाट आहेत. असं का?

कोनाच्या ओळीत चूक आहे. छापील नियम असा असतो: प ÷ द ची व्यस्त स्पर्शज्या (arctan) काढा, आणि प धन असेल तर १८०° मिळवा. व्यस्त स्पर्शज्या ० ते १८०° मध्ये घेतली तर हा नियम चारही बाजूंना बरोबर चालतो. संगणक मात्र ती −९०° ते ९०° मध्ये देतो. प = १०, द = −१० घ्या. वारा वायव्येचा, उत्तर ३१५° यायला हवं. संगणक −४५° देतो, त्यात १८० मिळवले की १३५°, म्हणजे बरोबर उलटी दिशा.

सोपा उपाय: दोन पदं घेणारं 'एटॅन-२' (atan2) फंक्शन वापरा, त्यात आधी −प आणि मग −द द्या, अंशांत बदला, उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवा. द शून्य असताना भागाकार फसण्याची कटकटही यात मिटते.

२७ प्रकार फार झाले. कमी करता येतील का?

येतात, आणि बहुतेक वेळा करावेतच. तीस वर्षांच्या नोंदी म्हणजे सुमारे ११,००० दिवस. ते २७ प्रकारांत आणि चार ऋतूंत वाटले की 'आवर्त-पूर्वी, उन्हाळा' यासारख्या खान्यात मोजकेच दिवस उरतात आणि सरासरीला अर्थ राहत नाही. मिश्र दिवस अर्धे दिशेला आणि अर्धे आवर्त किंवा प्रत्यावर्ताला वाटून देणं ही रुळलेली रीत आहे.

कोणता डेटा घ्यावा?

प्रश्न किती मागे जाणारा आहे त्यावर अवलंबून आहे. 'ईआरए-५' हे पुनर्विश्लेषण (जुनी निरीक्षणं हवामान प्रारूपात घालून बनवलेला सलग नकाशांचा संच) १९४० पासून दर तासाला मिळतं. 'एनसीईपी-एनसीएआर' पुनर्विश्लेषण १९४८ पासून, २.५° च्या जाळीवर आहे. आपले बिंदू त्या जाळीवर थेट बसतात, त्यामुळे शिकण्यासाठी तोच सोयीचा. एकोणिसाव्या शतकापर्यंत जायचं असेल तर 'विसाव्या शतकाचं पुनर्विश्लेषण' हा संच आहे. त्यात हवेच्या निरीक्षणांपैकी फक्त पृष्ठभागावरचा दाब वापरलेला आहे आणि एकाच दिवसाची अनेक संभाव्य रूपं दिलेली आहेत. प्रत्येक रूपाला वेगळा प्रकार देऊन पाहा. जुन्या दिवसांत रूपांचं आपसांत जमत नाही, आणि किती जमत नाही हेच त्या दिवसाबद्दलच्या अनिश्चिततेचं माप.

बारीक जाळीच्या डेटातून १६ बिंदू नुसते उचलू नका. एखादा छोटा स्थानिक खड्डा नेमका बिंदूवर आला तर भ उगाच फुगतो. आधी डेटा जाड जाळीवर सरासरीने आणा.

दुपारचा दाब घ्यावा की दिवसाची सरासरी?

दोन्ही प्रचलित आहेत. वेगाने सरकणारं आवर्त दिवसभराच्या सरासरीत पसरट होतं आणि दिवस 'आवर्त' ऐवजी 'पश्चिमी' ठरू शकतो. एकाच वेळेचा दाब घेतला तर सकाळी येऊन गेलेलं आवर्त हातून निसटतं. पावसाची नोंद ज्या चोवीस तासांची आहे त्याच्याशी जुळेल ते घ्या. पावसाचा दिवस अनेक देशांत सकाळी सुरू होऊन दुसऱ्या सकाळी संपतो, हे विसरलं तर एक दिवसाची सरमिसळ होते आणि ती सहज लक्षातही येत नाही. कुठलीही निवड करा, मध्येच बदलू नका.

सगळे दिवस प्रचंड वादळी येत आहेत.

डेटा पास्कलमध्ये आहे. १०० ने भागा.

दुसऱ्या प्रदेशासाठी हीच सूत्रं चालतील?

जाळी हलवा आणि चारही गुणक नव्या केंद्राच्या अक्षांशाने पुन्हा काढा. केंद्र ४०° वर असेल तर ते १.३१, १.१२, ०.९१ आणि ०.८५ होतात. गुणक न बदलता ५५° चेच ठेवलेले कोड सर्रास फिरत असतात, तेव्हा दुसऱ्याचा कोड घेतला तर ही ओळ आधी पाहा. ६ ही मर्यादासुद्धा ब्रिटिश बेटांच्या वाऱ्याला साजेशी आहे. शांत प्रदेशात ती तशीच ठेवली तर अवर्गीकृत दिवसांचा ढीग होतो. अशा वेळी ती कमी करणं यात काही गैर नाही, फक्त केली आहे हे लिहून ठेवा.

दक्षिण गोलार्धात?

तिथे कमी दाब वाऱ्याच्या उजव्या हाताला असतो, म्हणून प, द आणि भ यांची चिन्हं विचारपूर्वक उलटवावी लागतात. सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग: जाळी उत्तर-दक्षिण आरशात पाहिल्यासारखी मांडा, म्हणजे १ आणि २ क्रमांक ध्रुवाच्या बाजूला येतील, सूत्रं तशीच चालवा, आणि शेवटी उत्तर व दक्षिण या दिशांची अदलाबदल करा.

उष्ण कटिबंधात ही पद्धत का डळमळते?

कोरिऑलिस बल अक्षांशाच्या ज्येवर अवलंबून असतं. १५° वर ते ५५° च्या एक तृतीयांशाहूनही कमी भरतं, त्यामुळे वारा आणि समदाब रेषा यांचं नातं सैल होतं. गुणकही बिघडतात: १.०७ च्या जागी १५° वर १.४९ येतो, १०° वर जवळजवळ २, आणि ५° वर भागाकार शून्याने होतो. त्यातच दिवसातून दोनदा होणारा दाबाचा नियमित चढउतार तिथे २-३ हेक्टोपास्कलचा असतो आणि मूळ फरकच छोटे असल्याने तो डोईजड होतो. मोसमी प्रदेशांसाठी सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचा, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल पातळीवरचा प्रत्यक्ष वारा घेऊन गट पाडणं जास्त शहाणपणाचं आहे.

इतर पद्धती कोणत्या?

जर्मन भाषिक जगात 'ग्रॉसवेटरलागेन', म्हणजे मोठ्या क्षेत्रावरच्या हवामान स्थिती, चालतात. हेस आणि ब्रेझोव्स्की यांच्या १९५२ च्या यादीत २९ प्रकार आहेत, आणि एखादी स्थिती निदान तीन दिवस टिकली तरच तिला नाव मिळतं. त्यामुळे तिथले प्रकार लॅम्ब प्रकारांपेक्षा संथपणे बदलतात. दोन्ही याद्या दिवसाला दिवस जुळवून पाहण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरं घराणं संख्याशास्त्राचं: मुख्य घटक विश्लेषण, के-मीन्स, स्वयंसंघटित नकाशे अशा, सारख्या दिवसांचे गट पाडायला वापरल्या जाणाऱ्या संगणकी पद्धती. यांत प्रकार आधी ठरलेले नसतात, डेटातून निघतात. फायदा उघड आहे. तोटा असा की गट किती पाडायचे हे तुम्हीच सांगायचं, आणि डेटाची वर्षं किंवा क्षेत्र बदललं की गटांचे चेहरे बदलतात. के-मीन्स वापरत असाल तर वेगवेगळ्या सुरुवातींनी अनेकदा चालवा. अक्षांशाच्या कोज्येने वजन द्यायला विसरू नका, नाहीतर ध्रुवाकडचे दाटलेले बिंदू सगळा निकाल आपल्याकडे ओढतात.

युरोपात २००५ ते २०१० दरम्यान 'कॉस्ट ७३३' या संयुक्त प्रकल्पात अशा अनेक पद्धती शेजारी ठेवून तपासल्या गेल्या. सगळ्या कामांना सर्वोत्तम अशी एकच पद्धत त्यातून निघाली नाही, आणि निघेल अशी अपेक्षा ठेवणंही चूक आहे.

लॅम्ब यांच्या हाताच्या नोंदी आणि सूत्रांचे निकाल जुळत का नाहीत?

लॅम्ब आदल्या-दुसऱ्या दिवसाचे नकाशे पाहत, आवर्तं कुठे सरकत आहेत हे पाहत, आणि मग सगळ्या दिवसाला एक नाव देत. सूत्राला एका क्षणाचे १६ आकडे दिसतात. सूत्र थकत नाही आणि १८८० चा दिवस १९८० सारखाच मोजतं, म्हणून दीर्घकालीन बदल पाहायला मी सूत्राकडे झुकतो. पण हाताची नोंद टाकाऊ नाही. दोन्ही एकाच मालिकेत जोडू मात्र नका. सांध्यावर दिसणारी उडी हवामानबदल नसून पद्धतबदल असते.

याच आकड्यांतून वादळ ओळखता येतं का?

ढोबळ मानाने, हो. ज चा वर्ग आणि अर्ध्या भ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढा. ३० च्या वर वादळ, ४० च्या वर तीव्र, ५० च्या वर अतितीव्र. वरच्या उदाहरणात १९.३ येतो. लहान पण जबर आवर्त दोन बिंदूंच्या मधून निघून गेलं तर हा निर्देशांक झोपलेलाच राहतो.

एकाच प्रकाराच्या दोन दिवसांत पावसात इतका फरक कसा?

ज १२ असो वा ३५, नाव 'पश्चिमी'च. हवा किती बाष्प घेऊन आली, समुद्र किती गरम होता, वर काय चाललं होतं, यातलं काहीच नावात नाही. त्यामुळे प्रकारावरून एखाद्या दिवसाचा पाऊस सांगू नका. अनेक दिवसांच्या पावसाचं वितरण सांगा.

याच मर्यादेतून एक उपयोगी प्रश्न तयार होतो. हिवाळा उबदार झाला, तो पश्चिमी दिवस वाढल्यामुळे की पश्चिमी दिवसच पूर्वीपेक्षा उबदार झाल्यामुळे? प्रत्येक प्रकाराची वारंवारता आणि प्रत्येक प्रकारातलं सरासरी तापमान वेगवेगळं मांडलं की दोन्ही वाटे सुटे होतात. हवामान प्रारूपं तपासतानाही हेच: एखादं प्रारूप पाऊस बरोबर देत असेल पण आवर्त दिवस निम्मेच देत असेल, तर त्याचं उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर आलं आहे.

कोड बरोबर चालतो आहे हे कसं तपासू?

खऱ्या डेटाआधी चार बनावट नकाशे द्या. पहिला, सोळाही बिंदूंवर १०१३: सगळं शून्य, दिवस अवर्गीकृत. दुसरा, वरच्या उदाहरणातल्या प्रत्येक दाबात १० मिळवा: एकही आकडा बदलता कामा नये. तिसरा, दक्षिणेकडून उत्तरेकडे दर १०° ला दाब १० ने उतरवा, पूर्व-पश्चिम समान ठेवा: प = १०, द = ०, दिशा २७०°, प्रकार पश्चिमी. इथे भ शून्य न येता १.२ येतो, ती चूक नाही, दक्षिणेकडे कोरिऑलिस बल कमी असल्याने तिथला वारा जरा जोराचा ठरतो त्याचा तो परिणाम. चौथा, तिसऱ्याच नकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे दर १०° रेखांशाला दाब ६ ने उतरवा: द = −१०.४, दिशा सुमारे ३१६°, प्रकार वायव्य. चारही जमले की मग पूर्ण संच चालवा.